ओठाला लावलेला पेला

बाईंची जात आम्हाला शेवटपर्यंत कळली नाही. आम्ही प्रयत्न कमी केले असं नाही. दुपारच्या वर्गात दहा-बारा मोठ्या बायका बसायचो, आणि बाई फळ्याकडे वळल्या की मागे तोच विषय. कुंकू नाही म्हणजे विधवा असतील, नाहीतर ख्रिस्ती. पदर आमच्यासारखा उजव्या खांद्यावर नाही, डाव्या. बोलणं नागपूरकडचं, पण मध्येच एखादा शब्द असा यायचा की पुसदची बाई कोपरानं ढोसायची, "हे पाय, हे हैदराबादकडचं."

हे सत्तावन्न-अठ्ठावन्न सालचं यवतमाळ. सरकारी दवाखान्यात सुईणीचं आणि नर्सचं काम शिकायला बायका हव्या होत्या. शिकताना विद्यावेतन आणि राहायला खोली मिळणार होती. पण दवाखान्याची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांवरची मुख्य, दक्षिणेकडची. तिला इंग्रजी यायचं आणि बाजारापुरतं हिंदी. बाटल्यांवरची नावं इंग्रजी, डॉक्टर सांगायचे तेही इंग्रजीतून. म्हणून आधी काही महिने इंग्रजीचा वर्ग, मग मेट्रन येऊन पाहणार आणि चौघी-पाचजणी निवडणार, असं ठरलं होतं. वर्गात आठांपेक्षा कमी बायका उरल्या तर वर्ग बंद, हेही बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी चौथीत शाळा सोडलेली, खाडीकाठच्या एका गावची. नवरा रस्त्याच्या कामावर मिस्त्री होता. वणीकडच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा आम्ही कोकणातून इकडे आलो आणि वर्ष-दोन वर्षांत तो तापानं गेला. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं होतं. तिथून मी मागे गेलेच नाही. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका काकूंनी मला आपल्या घरातली मागची खोली दिली. भाडं नको म्हणाल्या, दळण-कांडण कर, झाडलोट कर. त्या काळात एकट्या परक्या बाईला दार उघडणारं घर मिळणं म्हणजे काय, ते मी जाणते. आजही त्यांचं नाव मनात आलं की हात जोडले जातात.

पण दिरानं निरोप धाडला होता. दिवाळी झाली की न्यायला येतो. सासरच्या घरात मला खायला मिळालं असतं, नाही असं नाही. सगळ्यांच्या मागून, उभ्यानं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तसंच. दिवाळीनंतर तो दारात येईल तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीतरी असलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्ग टिकला तर मी टिकणार होते. त्यामुळे वर्गातली एखादी बाई नुसती खोकली तरी मला वाटायचं, ही उद्या येते की नाही.

बाईंचं शिकवणं तऱ्हेवाईक होतं. पुस्तक नाही. स्टोव्ह आणायच्या, तो पेटवायला लावायच्या आणि पेटवताना इंग्रजीत बोलायला लावायच्या. चादर अंथरायची, कोपरे दुमडायचे, नखं कापायची, थर्मामीटर झटकायचा, टपाल कचेरीत जाऊन तिकीट मागायचं, आणि तोंडानं सगळं इंग्रजीत. "धिस इज हॉट. मूव्ह बॅक." अशी आमची पहिली वाक्यं.

"पुस्तक नाही, पाटी नाही," पुसदची म्हणायची. "ही तं भातुकली झाली. अशानं कोनी इंग्रजी शिकते काय वो?"

ती शेतीवाल्या घरची. शंभर-शंभर मण कापूस घरात पाहिलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि भावानं हिला इथं आणून ठेवलं. तिच्या बोलण्याला वर्गात वजन होतं.

बाई घरातल्या गोष्टी विचारायच्या याचाच सगळ्यात जास्त संशय. "व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?" काल काय खाल्लं? आता आमच्याकडे कुणी काय खाल्लं हे विचारणं म्हणजे तू कोण आहेस हे विचारणंच. पहिलीनं सांगितलं, डाळ-भात. दुसरीनं सांगितलं, डाळ-भात. ओळीनं सगळ्यांनी डाळ-भात खाल्ला होता. माझ्या खोलीत आदल्या दिवशी गावाहून आलेली सुकट भाजली होती आणि काकूंना वास जाऊ नये म्हणून मी दार-खिडकी लावून घामानं निथळत बसले होते. मीसुद्धा म्हटलं, "डाळ अँड राइस." आयुष्यात मी इंग्रजीत पहिल्यांदा थाप मारली ती अशी.

बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "बरीच डाळ शिजली म्हणायची काल यवतमाळात."

मागून मारेगावची हसली. एकटीच. तिचं नवऱ्यासकट सगळं घर वर्ष-दीड वर्षापूर्वी बौद्ध झालेलं. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. घरातले देव पोत्यात बांधून तिनं स्वतः नदीत सोडले होते आणि हे ती कुणी न विचारता सांगायची. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या. इंग्रजी तिला आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर यायचं, आणि तेही आम्हाला खटकायचं. बाई तिला आतून शिकवत असतील, असं पुसदचीचं म्हणणं होतं. मी त्यावर मान हलवायची. खरं काय कोण जाणे.

मग पाण्याचा धडा आला.

बाईंनी भिंतीकडेची खाट मध्ये ओढली, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि काचेचा एक पेला ठेवला. म्हणाल्या, रोगी पडून आहे. उठवत नाही त्याला. त्याला पाणी पाजायचं. एका हातानं मान उचलायची, दुसऱ्या हातानं पेला ओठाला लावायचा. "लिफ्ट युवर हेड. ड्रिंक स्लोली."

आमच्यात सगळ्याजणी वरून पिणाऱ्या. कोकणात काय नि वऱ्हाडात काय, तांब्या तोंडापासून वर धरायचा आणि धार घशात सोडायची. भांड्याला ओठ लागला की भांडं उष्टं झालं. आणि इथं एकच पेला, ओठ दहा-बारा, त्यांत दोन-तीन मारेगावच्या बाईच्या लोकांतल्या.

"वरूनच पाजू ना बाई," एकजण म्हणाली.

"झोपलेल्या माणसाला वरून पाजलंस तर पाणी नाकात जाईल."

बाई स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. ओळीनं सगळ्यांनी त्यांना पाजलं. पाजायला कुणाची हरकत नव्हती. मग बाई उठल्या, पेला राखेनं घासून धुतला, आणि म्हणाल्या, आता पुसदची रोगी आणि मारेगावची नर्स.

पुसदची जागची हलली नाही. "मले तहान नाही."

"रोग्याला आहे," बाई म्हणाल्या.

मारेगावची पेला भरून उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या बाई. तिची तहान मोठ्या घरची हाय."

पुसदची उठली, पदर खोचला आणि बाहेर पडली. तिच्यामागून आणखी दोघी. दारात वळून ती बाईंना म्हणाली, "इंग्रजी शिकाले आलो होतो आम्ही. तुम्ही भलतंच शिकवून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी तिघीही आल्या नाहीत. आता मोजून आठजणी उरलो. गावात बोलणं सुरू झालं, की बाई मिशनच्या आहेत, आधी उष्टं पाजतात, मग नागपूरला नेऊन डोक्यावर पाणी शिंपडतात. कुणी म्हणायचं, नाही, बाई बौद्धांकडून आहेत, वर्गाच्या निमित्तानं सगळ्यांना बाटवताहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर दोन्ही पटायच्या. रोज बाईंच्या हाताकडे बघायची, गळ्यात काही आहे का बघायची, आणि घरी जाताना मनात म्हणायची, देवा, ही कुणीही असो, वर्ग चालू दे.

काकू रोज विचारायच्या. तुळशीपुढे दिवा लावता लावता, मान न वळवता. "आज काय शिकवलं गं?"

"चादर घालायला."

"कालही चादरच होती."

"मोठी चादर आहे, काकू."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तेव्हा त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

त्यानंतर माझी पाळी आली. मी रोगी, मारेगावची नर्स. मी खाटेवर पडले. इकडे नाही म्हणावं तर आठाच्या सात होतील, तिकडे हो म्हणावं आणि काकूंच्या कानावर गेलं तर डोक्यावरचं छप्पर जाईल. मारेगावची खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "दात लावून घेशीन तं आताच सांग. मी इथं हसं करून घ्याले नाही आली."

"नाही लावत," मी म्हटलं.

तिनं माझ्या मानेखाली हात घातला. "लिफ्ट युवर हेड." पेला ओठाशी आणला. आणि मी, जन्मभर वरून प्यालेली बाई, सवयीनं मान मागे टाकली, तोंड वासलं आणि पेल्यापासून दूर झाले, धार पडायची वाट बघत. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मला ठसका लागला आणि मी तोंड फिरवलं.

तिला दिसलं ते एवढंच, की पेला ओठाला लागायच्या आत मी तोंड काढून घेतलं.

तिनं माझी मान सोडली. पेला स्टुलावर ठेवला, आवाज न करता. "पाहा बाई," ती बाईंना म्हणाली, "हे मले घरी बसूनबी मिळते. त्याच्यासाठी इंग्रजी कायले पायजे?" आणि चपला घालून गेली.

मी ओल्या पोलक्यानं उठून बसले. म्हटलं, "बाई, मी मुद्दाम नाही केलं."

बाई म्हणाल्या, "मला नको सांगू."

त्या एवढंच बोलल्या. तेव्हा मला त्यांचा रागही आला. यांना वर्ग नको असेल, म्हणूनच असले धडे काढतात, असंही मनात आलं. पण सात उरलो होतो. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत हजेरी अशीच राहिली तर वर कळवावं लागेल.

रविवारी दुपारी मी मारेगावच्या बाईच्या घरी गेले. वस्ती जिनिंगच्या पलीकडे. नाल्याच्या कडेनं जाताना मी पदर तोंडावर ओढून घेतला होता, आणि आपण पदर ओढला आहे हे तिथल्या बायकांना दिसतंय, हेही मला कळत होतं. घर शेणानं सारवलेलं, भिंतीवर नवा चुना. ती अंगणात तूर पाखडत होती. सासू दारात बसलेली.

"कोन व्हय वो?" सासूनं विचारलं.

"वर्गातली हाय," ती सुपावरून नजर न काढता म्हणाली. "कोकनवाली. तोंड फिरवनारी."

मी उभ्यानंच सांगितलं. आमच्याकडे वरून पितात, सवय आहे, मान आपसूक मागे गेली, माझ्या मनात काही नव्हतं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"सगळेच असं सांगतात," ती म्हणाली. "कोनाच्याच मनात काही नसते. माह्या शाळेतल्या मास्तरच्याबी मनात काही नव्हतं. मले नुसतं दाराबाहेर बसवत होता."

मग मला एकच सुचलं. मी म्हटलं, "मला पाणी दे. इथं. तुझ्या हातानं. आत्ता पिते."

तिचे हात थांबले. ती उठेल असं वाटलं. पण सासू मध्येच बोलली, "नको देऊ वो. आज इथं पेईन, उद्या हिची घरमालकीन चार मानसं घेऊन येईन, आमच्या बाईले बाटवली म्हून. मंग निस्तरत बस."

मी म्हटलं, "तसं नाही होणार."

"तुले काय मालूम?" म्हातारी म्हणाली. "तू चार दिसाची पावनी."

मारेगावच्या बाईनं सूप बाजूला ठेवलं. आता ती माझ्याकडे नीट बघत होती, बाजारात भाजी निवडताना बघतात तशी. "इथं पेलीस तं कोन पाह्यते? इथं तं रातीचे लई लोक येऊन पेऊन जातात आमच्या घरचं. उद्या वर्गात पे. सगळ्याईच्या समोर, दार उघडं ठेवून. मी येतो उद्या. एक डाव. तोंड फिरवलं तं मंग नाही येत."

परत येताना मला सारखं वाटत होतं, हिनं मला फासात घेतलं. जागा चार-पाचच आहेत. माझी खोली गेली, मी गावी गेले, तर एक जागा हिला मोकळी. असंही असू शकतं. मी ते कितीतरी वेळ घोळवलं आणि तरी सोमवारी गेले, कारण न जाण्याला दुसरं कुठलंही नाव देता येत नव्हतं.

दार उघडं होतं. बाहेर दवाखान्यातले दोन वॉर्डबॉय बिडी ओढत उभे होते. पुसदचीही आली होती. आत नाही, दाराच्या चौकटीला टेकून. तमाशा बघायला आली असेल. मी खाटेवर पडले. मारेगावचीनं मानेखाली हात घातला. तिच्या बोटांच्या चिरा मानेला टोचत होत्या. मी या वेळी हनुवटी छातीशी घट्ट धरली, मान मागे जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी खाटेची लाकडं पकडली. काच ओठाला लागली.

"ड्रिंक स्लोली," ती म्हणाली. मग अगदी खालच्या आवाजात, "हलू पे. पळून नाही चाललं पानी."

मी अख्खा पेला प्याले. पोटात पाणी गेलं तसं पाठीतून गार काहीतरी गेलं. ती भीती होती, दुसरं काही नाही.

पुसदची दारातून म्हणाली, "झालं?" आणि थोडं थांबून, "उद्या चादरीचा धडा असला तं मी येतो. पान्याचा असला तं नाही." बाई म्हणाल्या, ये. त्यांनी तिला पुन्हा कधी खाटेवर बोलावलं नाही. यातही आम्ही संशय काढलाच, की बाई मोठ्या घराला भितात. पण वर्गाला नऊजणी झाल्या आणि तो बंद पडला नाही.

मी घरी पोचायच्या आधी काकूंना सगळं कळलं होतं. कुणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. वॉर्डबॉय, पुसदची, वर्गातली आणखी कुणी? कित्येक महिने मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला.

काकू ओरडल्या नाहीत. खोली सोड असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा माठ परसातून उचलून माझ्या दारात ठेवला होता. म्हणाल्या, "यापुढं विहिरीच्या दोराला हात लावू नकोस. मी ओतीन सकाळी."

आणि त्या खरंच ओतत राहिल्या. सत्तरीला आलेली बाई, रोज पहाटे आंघोळ करून ओल्या लुगड्यानं माझ्यासाठी बादली ओढायची आणि माझ्या माठात लांबून, वरून पाणी सोडायची. माठाला बादली लागू द्यायची नाही. दळणही माझ्याकडून बंद झालं. मी हात बांधून उभी राहायची. त्यांना दम लागलेला दिसायचा आणि मला पुढे होता यायचं नाही.

दिवाळी झाली. एक दिवस मी वर्गातून आले तर काकू ओट्यावर बसल्या होत्या.

"तुझा दीर येऊन गेला."

"गेला म्हणजे?"

"चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाला. मी सांगितलं त्याला. वस्तीत जातेस, त्यांच्या हातचं उष्टं पितेस, इथंच राहणार म्हणतेस."

"मी असं म्हटलं नव्हतं, काकू."

"नसशील." त्या वाती वळत होत्या. "निरोप ठेवलाय. तिकडं आता येऊ नकोस म्हणावं. तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळे होतो म्हणाला."

मी ओट्याच्या खाली बसून राहिले. सुटले, असं वाटलं. मग लगेच वाटलं, आता मेट्रननं घेतलं नाही तर मला परत जायला गावच नाही. काकूंनी ते रागानं सांगितलं की मला घेऊन जाऊ नये म्हणून सांगितलं, हे मी त्यांना विचारलं नाही. पुढे विचारायची हिंमत आली तेव्हा त्या उरल्या नव्हत्या. कधी एक वाटतं, कधी दुसरं. उपकार मात्र मी दोन्ही बाजूंनी धरून चालते.

मेट्रन आली ती पंधरवड्यानं. उंच, काळी, कडक इस्त्रीची. वर्गात बसून तिनं काही विचारलं नाही. आम्हाला सरळ बायकांच्या वॉर्डात नेलं. मारेगावचीला थर्मामीटर दिला. तिनं झटकला, लावला, वाचला आणि आकडा इंग्रजीत सांगितला. मेट्रननं मान हलवली. मग माझ्याकडे बोट केलं, मग एका खाटेकडे. "शी इज थर्स्टी. गिव्ह हर वॉटर."

खाटेवर एक म्हातारी होती, पांढरकवड्याकडून बैलगाडीत घालून आणलेली, ताप उतरत नव्हता. ओठ फुटलेले. मी पेला भरला, तिच्या मानेखाली हात घातला, वाक्य म्हटलं. तिला ते कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. तिनं दात घट्ट मिटून घेतले आणि पेल्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तू कोनाची वो?"

मेट्रन मागे उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की रोगी पीत नाही. मला कोकणातलं घर आठवलं, जिथं माझ्या नावानं आंघोळ झाली होती. खोटं सांगावं तर कोणतं सांगावं, तेही कळेना.

"कोणाचीच नाही, आजी," मी म्हटलं. "दवाखान्यातली आहे."

म्हातारीला ते पटलं नाही. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, हाताकडे, लुगड्याच्या काठाकडे. मी पेला हलवला नाही. हात भरून आला, तरी तसाच धरला. मग तिनं दात थोडे उघडले. डोळे माझ्यावरून न काढता एक घोट घेतला, थांबली, काही होतं का बघितलं, आणि दुसरा घेतला.

मेट्रन पुढच्या खाटेकडे गेली. जाताना बाईंना म्हणाली, "धिस वन ऑल्सो."